प्राण वाचले, प्रपंच वाचवायचा आहे



हवामानबदल हा शब्द आता पाठ्यपुस्तकापासून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेपर्यंत सर्वत्र पोहोचला आहे. शब्द जितका तोंडवळणी पडतो तितका त्याचा अर्थ पातळ होत जातो. पृथ्वीचे तापमान एक अंशाने वाढले, समुद्र वीतभर चढला, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला त्यात स्वतःचे काही दिसत नाही. एका अंशाने कोणाची चूल विझत नाही आणि वीतभर पाण्याने कोणाचे घर बुडत नाही, असेच त्याला वाटते. प्रत्यक्षात चूल विझते आणि घरही बुडते. ते कसे घडते हे समजून घ्यावयाचे असेल, तर सरासरीचे आकडे बाजूस ठेवून एखाद्या विशिष्ट भूभागातील सामान्य माणसाचे जीवन पाहिले पाहिजे. आजच्या विवेचनासाठी असा एक भूभाग घेतला आहे. तो म्हणजे बंगालच्या उपसागराच्या शिरोभागी असलेला बांगलादेशाचा किनारा.

हा किनारा निवडण्यामागे एक निश्चित कारण आहे. मनुष्यजातीने निसर्गाच्या कोपापासून प्राण वाचविण्यात जी मोठी यशे मिळविली, त्यांपैकी एक या किनाऱ्यावर मिळाले आहे. त्याच किनाऱ्यावर उपजीविकेचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. यश आणि अपयश अशी शेजारी शेजारी उभी असलेली क्वचितच दिसतात. लोकप्रशासनात काम करणाऱ्यांनी दोन्हींचा अभ्यास करण्यासारखा आहे.

भूगोलाची देणगी आणि भूगोलाचा शाप

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनी आणलेल्या गाळातून हा प्रदेश घडला. जमीन अत्यंत सुपीक, परंतु समुद्रसपाटीपासून तिची उंची बहुतेक ठिकाणी काही मीटरच आहे. त्यातच उपसागराचा आकार नरसाळ्यासारखा उत्तरेकडे निमुळता होत गेला आहे आणि किनाऱ्यालगतचा तळ उथळ आहे. त्यामुळे चक्रीवादळाने पुढे ढकललेल्या पाण्याला पसरण्यास जागा मिळत नाही. ते उंच होऊन जमिनीवर चढते. वाऱ्यापेक्षा हे उधाणच अधिक प्राणघातक ठरते.

आता बदलत्या हवामानाचा यात भाग कोणता, ते पाहू. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. १९०१ ते २०१८ या अवधीत समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. वाढीचा वेगही वाढत आहे. २००६ ते २०१८ या काळात तो वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होता. समुद्राचे पाणी तापले की वादळाला अधिक बळ मिळते आणि समुद्र चढला की प्रत्येक उधाण तेवढ्याच वरच्या पायरीवरून सुरू होते. ज्या बांधाच्या माथ्यापर्यंत पूर्वी पाणी टेकत असे, त्या बांधावरून ते आता पलीकडे ओसंडते. बांधावरून सांडणारे पाणी प्रथम माती खरवडते आणि नंतर बांध फोडते. वीतभर पाण्याने घर बुडते ते असे.

१९७० ची रात्र

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटाच्या परिसरावर चक्रीवादळ आदळले. तेव्हा हा प्रदेश पूर्व पाकिस्तान म्हणून ओळखला जात होता. मृतांची संख्या किमान तीन लाख मानली जाते. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. जगाच्या ज्ञात इतिहासात चक्रीवादळाने याहून अधिक बळी घेतल्याची नोंद नाही.

या घटनेतील एक बाब प्रशासनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. वादळ येत आहे ही वार्ता अनेकांच्या कानांवर पडली होती. परंतु तिचा नेमका अर्थ काय, पाणी किती चढणार, केव्हा निघावयाचे आणि कोठे जावयाचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जाण्यास सुरक्षित जागाही नव्हती. सूचना निघाली म्हणजे ती पोहोचली असे होत नाही आणि पोहोचली म्हणजे माणूस वाचला असेही होत नाही, हा त्या रात्रीचा धडा होय.

त्यानंतर, १९७२ पासून, रेडक्रॉसच्या पुढाकाराने आणि पुढे शासनाच्या सहभागाने तेथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला. त्याची रचना साधी आहे. राजधानीतील हवामान केंद्राची सूचना बिनतारी संदेशाने तालुक्याला आणि तेथून गावातील स्वयंसेवकांना मिळते. ते गावात निशाण उभारतात. एक निशाण म्हणजे सावध राहावे, दोन म्हणजे धोका, तीन म्हणजे महाधोका. वाचता न येणाऱ्या माणसालाही ही भाषा कळते. कर्णा आणि हाताने फिरवावयाचा भोंगा घेऊन स्वयंसेवक वस्तीवस्तीत जातात, वृद्धांना व अपंगांना हात देतात. हे स्वयंसेवक त्याच गावचे असल्यामुळे लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात. आज त्यांची संख्या ७६ हजारांच्या घरात असून त्यांपैकी निम्म्या स्त्रिया आहेत.

स्त्रियांचा हा सहभाग सहजासहजी आलेला नाही. २९ एप्रिल १९९१ रोजी चितगाव किनाऱ्यावर आदळलेल्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या मानाने फारच मोठे होते. घरधनी आल्याशिवाय घर सोडावयाचे नाही हा रिवाज, कडेवरची मुले, पायांत अडकणारे लुगडे, निवारागृहात स्त्रियांसाठी स्वतंत्र जागा आणि शौचालय नसल्याने वाटणारा संकोच, अशा अनेक कारणांनी त्या मागे राहिल्या. यास्तव पुढे निवारागृहांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या करण्यात आल्या आणि घराघरांत जाऊन स्त्रियांशी बोलू शकतील अशा स्वयंसेविका तयार करण्यात आल्या. अनेक ठिकाणी खांबांवर उभारलेली प्राथमिक शाळाच निवारागृह म्हणून वापरली जाते. त्यामुळे इमारत वर्षभर नांदती राहते आणि मुलांनाही वाट पाठ असते. गुरे टाकून शेतकरी निघत नाही, हे ओळखून गुरांसाठी मातीचे उंच चौथरेही बांधण्यात आले.

या प्रयत्नांचे फळ स्पष्ट दिसते. नोव्हेंबर २००७ मधील सिद्र या अतितीव्र वादळात सुमारे ३,४०० माणसे दगावली. २० मे २०२० रोजी अम्फान वादळ आले तेव्हा महामारीचा काळ असूनही बांगलादेशात सुमारे २४ लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि तेथील मृतांची संख्या पंचवीस-तीसच्या घरात राहिली. अर्धशतकापूर्वी लाखांत मोजलेले मृत्यू आता दहांत मोजले जातात. वादळे काही सौम्य झालेली नाहीत. यंत्रणा जागी झाली.

आपल्या देशात ओडिशाने हाच मार्ग अनुसरला. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार लोक मरण पावले होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना वेळीच हलविण्यात आल्याने मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली.

पाणी ओसरल्यानंतर

येथवरची हकीकत समाधानाची आहे. परंतु वादळ शमल्यावर वृत्तपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळते आणि खरी कसोटी तेथून सुरू होते.

२५ मे २००९ रोजी आलेल्या ऐला वादळाचे उदाहरण घ्यावे. बांगलादेशातील मृतांची संख्या दोनशेच्या आत होती. म्हणून जगाच्या दृष्टीने ते मोठे वादळ ठरले नाही. परंतु खुलना आणि सातखीरा जिल्ह्यांत बांध फुटले आणि फुटलेल्या जागांतून रोजच्या भरतीचे पाणी शेतात व वस्तीत येऊ-जाऊ लागले. काही ठिकाणी ते दोन वर्षांहून अधिक काळ येत राहिले. कुटुंबेच्या कुटुंबे उरलेल्या बांधाच्या माथ्यावर झोपड्या घालून राहिली. दिवसातून दोनदा आपलेच शेत पाण्याखाली जाताना त्यांना पाहावे लागत होते.

खारे पाणी शेतात शिरले की काय होते, हे कोकणातील शेतकऱ्यास सांगावयास नको. पाणी निघून गेले तरी मीठ मागे राहते. अशा मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढून घेता येत नाही. रोप पाण्यात उभे राहून तहानेने सुकते. बांगलादेशाच्या किनारी भागात क्षारयुक्त जमिनीचे क्षेत्र १९७३ मध्ये सुमारे ८.३३ लाख हेक्टर होते; २००९ मध्ये ते १०.५६ लाख हेक्टरांवर गेले.

या आकड्यामागे घडणारी साखळी लक्षात घेण्यासारखी आहे. भात गेले की पेंढा जातो. पेंढा गेला की गुरे विकावी लागतात. गुरे गेली की दूध जाते, शेण जाते आणि चुलीचे जळण जाते. फळझाडे वाळतात. ज्यांच्याजवळ भांडवल आहे ते खाऱ्या पाण्यात कोळंबीची पैदास करतात. परंतु भाताच्या लावणीला आणि कापणीला जेवढे हात लागतात तेवढे कोळंबीला लागत नाहीत. म्हणजे जमीनमालकास काही मार्ग सापडतो, शेतमजुराचा रोजगार मात्र कायमचा बुडतो.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. तळी आणि उथळ विहिरी मचूळ झाल्याने स्त्रियांना व मुलींना गोड्या पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. त्या वेळेत मजुरी बुडते आणि मुलींची शाळाही. खुलना जिल्ह्यातील दाकोप भागात झालेल्या पाहणीत गर्भवती स्त्रियांमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण पावसाळ्यापेक्षा कोरड्या ऋतूत अधिक आढळले. पाण्यातील मीठ त्याच ऋतूत वाढलेले असते. हवामानबदल हा केवळ शेतीखात्याचा विषय नाही, तो पाणीपुरवठ्याचा, आरोग्याचा आणि शिक्षणाचाही विषय आहे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अखेरीस माणूस गाव सोडतो. प्रथम घरातील कर्ता पुरुष हंगामापुरता वीटभट्टीवर अथवा शहरात रिक्षा ओढावयास जातो. पुढे सर्व कुटुंब ढाका किंवा खुलना शहराच्या झोपडपट्टीत येते. वादळाने न मारलेला माणूस असा हळूहळू आपल्या गावातून नाहीसा होतो. त्याची नोंद कोणत्याही मृत्युपत्रकात होत नाही.

दोष कोणाचा आणि हातात काय

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जे जे वाईट घडते ते सारे हवामानबदलामुळे, असे म्हणण्याची एक सोयीस्कर सवय जगभर लागत आहे. बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील खारेपणाला इतरही कारणे आहेत. कोरड्या ऋतूत नद्यांतून वरून येणारे गोडे पाणी कमी झाले. १९६० च्या दशकापासून बांधलेल्या मोठ्या बांधांमुळे नदीचा गाळ शेतात येईनासा झाला आणि आतील जमीन बाहेरच्या नदीपात्रापेक्षा खाली राहिली. कोळंबीसाठी काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडून खारे पाणी आत घेण्यात आले. चढता समुद्र आणि प्रबळ वादळे या सर्वांवर कडी करतात.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही. समुद्राची पातळी एखाद्या ग्रामपंचायतीच्या हाती नाही. परंतु बांधाची दुरुस्ती, पाण्याच्या दारांची देखभाल आणि खारे पाणी कोठवर येऊ द्यावयाचे याचा निर्णय स्थानिक यंत्रणेच्या हाती आहे. सारा दोष आकाशावर टाकला की आपल्या हातातील कामही सुटते.

त्याचबरोबर न्यायाची बाजू विसरता येत नाही. सुमारे १७ कोटी लोकवस्तीच्या बांगलादेशाचा जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातील वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. ज्यांनी तापमान वाढविण्यास सर्वांत कमी हातभार लावला, त्यांच्याच शेतात मीठ येऊन पडले. २०२२ मध्ये शर्म अल शेख येथे झालेल्या जागतिक परिषदेत अशा हानीच्या भरपाईसाठी निधी स्थापण्याचे मान्य झाले आणि २०२३ च्या दुबई परिषदेत त्याच्या कार्यवाहीची चौकट ठरली. तो निधी किती भरेल आणि गावापर्यंत केव्हा पोहोचेल, यावर त्याचे मोल ठरेल.

लोकांनी शोधलेले मार्ग

निधीची वाट पाहत लोक स्वस्थ बसलेले नाहीत. तेथील भात संशोधन संस्थेने क्षार सहन करणारे भाताचे वाण दिले आहेत. गोपालगंज, पिरोजपूर व बारिसाल भागांतील शेतकरी पिढ्यानपिढ्या जलपर्णीचे थर रचून पाण्यावर तरंगणारे वाफे तयार करतात आणि त्यांवर भाजीपाला व रोपे वाढवितात. पाणी चढले की वाफा आपोआप वर येतो. २०१५ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. पागोळ्यांचे पाणी टाक्यांत साठवून कोरड्या ऋतूसाठी राखले जाते.

या उपायांना मर्यादा आहेत. सहनशील वाणही अमुक एका प्रमाणापलीकडे मीठ सोसत नाही. तरंगते वाफे गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यातच जमतात. आणि टाकी विकत घेण्याची ऐपत सर्वांची नसते. तरीही त्यांतून एक तत्त्व हाती लागते. प्राण वाचविण्यासाठी सर्वांना एकच सूचना पुरते. उपजीविका वाचविण्यासाठी प्रत्येक धंद्याचा वेगळा विचार करावा लागतो.

कोकणाचा अनुभव

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हे परके नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात जमिनीवर आले. किनाऱ्यावरील लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आल्याने मनुष्यहानी अत्यल्प राहिली. परंतु नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. भाताचे पीक गेले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उभे करता येते. पोफळीला लावल्यापासून फळ धरण्यास काही वर्षे लागतात. मधल्या वर्षांत त्या वाडीवाल्याने आणि सुपारी सोलणाऱ्या बाईने काय खावे, हा प्रश्न वादळाच्या दिवशीच्या मृतांच्या आकड्यात दिसत नाही. शिवाय वाडी गुंठ्यांत आणि मदतीचा हिशेब हेक्टरांत, असे झाले की कागदावरील मदत आणि प्रत्यक्ष हानी यांचा मेळ बसत नाही. अशा ठिकाणी झाड हेच मोजमाप धरावे लागते.

खार जमिनींचा प्रश्नही येथे जुना आहे. त्यासाठी राज्यात १९७९ चा खार जमीन विकास अधिनियम आहे आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे क्षार सहन करणारे भाताचे वाण दिले आहेत. बांधाला लहानशी खांड पडली असता ती त्याच आठवड्यात बुजविली तर काही मजुरांचे काम असते. एक पावसाळा टळू दिला तर शेकडो एकरांचे पीक जाते. चढत्या समुद्राच्या काळात ही जुनी शहाणीव अधिकच मोलाची ठरणार आहे.

गावपातळीवर काय करता येईल

या विवेचनातून काही कामे निश्चितपणे पुढे येतात. ती खर्चिक नाहीत, चिकाटीची आहेत.

पहिले काम नोंदीचे. गावात किती होड्या, किती जाळी, कोणाच्या वाडीत किती झाडे, किती कुटुंबे केवळ मजुरीवर जगतात, याची नोंद संकट येण्यापूर्वी ग्रामपंचायतीत असावी आणि दरवर्षी ग्रामसभेत वाचून दुरुस्त व्हावी. ती असेल तर पंचनामा काही दिवसांत होतो. नसेल तर पडलेल्या झाडांबरोबर पुरावाही वाहून जातो. मजुराच्या नावे सातबारा नसतो. म्हणून त्याची नोंद अधिक काळजीने ठेवली पाहिजे.

दुसरे काम सूचनेचे. भ्रमणध्वनीवर संदेश येतो. परंतु वादळात वीज आणि मनोरे प्रथम कोसळतात. अशा वेळी निशाण, भोंगा आणि माहितीचा माणूस हीच साधने उरतात. प्रत्येक वाडीवस्तीसाठी स्त्री व पुरुष अशी जोडी नेमून पावसाळ्यापूर्वी एकदा रंगीत तालीम घ्यावी. शाळेचा वापर निवाऱ्यासाठी होणार असेल तर तिचे छप्पर, पाणी आणि शौचालये यांची तपासणी आधीच झालेली असावी.

तिसरे काम संकटानंतरच्या पहिल्या वर्षाचे. हाताला काम देण्याची परंपरा या राज्यात १९७२ च्या दुष्काळापासून आहे. फुटलेले बांध, बुजलेली तळी, कोसळलेल्या वाड्यांची सफाई आणि नवी लागवड ही कामे वादळानंतर महिन्याभरात निघाली, तर माणूस गाव सोडून जात नाही. एकदा घराला कुलूप लागले की ते उघडणे फार कठीण असते.

चौथे काम शिक्षकांचे. मुलांनी गावातील भरतीच्या खुणा, विहिरीच्या पाण्याची चव, पेरणीच्या तारखा आणि पावसाचे मान यांची वही ठेवावी. दहा वर्षांनी ती वही गावाचा मौल्यवान दस्तऐवज ठरेल. मुलांना हवामानबदल पुस्तकातून शिकविण्याची गरजच उरणार नाही; तो त्यांच्याच हस्ताक्षरात असेल.

आजवर आपत्तीनंतरच्या अहवालात पहिला रकाना मृतांच्या संख्येचा असतो आणि तो शून्य असावा हे योग्यच आहे. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावयास हवा: वादळानंतर एक वर्षाने किती कुटुंबे आपल्याच गावात, आपल्याच धंद्यावर परत उभी राहिली? बांगलादेशाच्या किनाऱ्याने पहिल्या रकान्याचे उत्तर जगाला दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर तेथेही अजून शोधले जात आहे आणि कोकणातही. ते उत्तर राजधानीत बसून मिळण्यासारखे नाही. ज्या ग्रामपंचायतीला आपल्या गावातील प्रत्येक वाडी, प्रत्येक होडी आणि प्रत्येक मजुराचे घर ठाऊक आहे, तेथेच ते लिहिले जाईल.